खिळा न ठोकता भाड्याचं घर: बोहरी आळी, तुळशीबाग आणि आसपासचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि इंटिरियरवाला लावलाय त्यांनी हे वाचून काही उपयोग नाही. हा रिव्ह्यू ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमधे 'भिंतींना खिळे ठोकू नयेत, रंग बदलू नये, घर सोडताना आहे त्या स्थितीत परत द्यावे' अशी ओळ आहे आणि वर डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं आहे. आमचं कोथरूडमधे जुन्या सोसायटीत वन बीएचके आहे. खाली पांढरं मोझॅक, किचनला कडप्प्याचा ओटा, भिंती एकेकाळी क्रीम असाव्यात आता पिवळट, आणि हॉलमधे एक ट्यूब जिच्या उजेडात माणूस आजारी दिसतो. घरमालकीण काकू तशा चांगल्या आहेत, पण ड्रिल मशीनचं नाव काढलं की चेहरा बदलतो. 'तुम्ही जाल हो, भोकं माझ्याकडेच राहतील,' हे त्यांचं वाक्य. मुद्दा बरोबरच आहे म्हणा.

तर ड्रिल नाही, रंग नाही, फिटिंग बदलायचं नाही, आणि जे काही घेऊ ते पुढच्या घरी टेम्पोत घालून नेता आलं पाहिजे, एवढ्या अटींवर घर बरं दिसायला काय काय मिळतं ते मी पुण्यातल्या पेठांमधे फिरून बघितलं. ऑनलाइन पण बघितलं, पण तिथल्या व्हिडिओत ज्या गुळगुळीत भिंती दाखवतात तशी भिंत आपल्याकडच्या भाड्याच्या घरात क्वचितच असते, त्यामुळे तिथलं अर्धं सामान इकडे टिकत नाही. कशाला टिकत नाही ते पुढे सांगते. माझा क्रम सांगायचा तर पहिला नंबर बोहरी आळी, दुसरा तुळशीबाग, तिसरा ज्यांना सकाळी उठायची सवय आणि घासाघीस करायची हौस आहे त्यांच्यासाठी जुना बाजार. चिकटवायच्या वस्तू शेवटी, आणि त्या पण शक्यतो टाइल आणि काचेवरच.

बोहरी आळी म्हणजे रविवार पेठेतली. तुळशीबागेत सगळेच जातात पण तिथून पाच-दहा मिनिटं पुढे चालत बोहरी आळीत जायचा कंटाळा करतात, आणि खरी मजा तिथे आहे. गाडी अजिबात नेऊ नका, मेट्रोनी जा. २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी लाइन स्वारगेटपर्यंत सुरू झाली तेव्हापासून मंडई स्टेशन झालंय, कोथरूडकरांना सिव्हिल कोर्टला बदलावी लागते पण पार्किंग शोधत मंडईभोवती घिरट्या घालण्यापेक्षा कितीतरी बरं. येताना सामान जास्त झालं तर रिक्षा करा.

इथे होलसेल आणि रिटेल दोन्ही चालतं, दुकानं अरुंद, सामान छतापर्यंत, आणि दुकानदाराला तुम्ही नीट प्रश्न विचारला तर तो वस्तू विकायच्या आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. मी एका दुकानात 'चिकटवायचे हुक द्या' म्हटलं तर काका म्हणाले, 'ताई, कशावर लावणार? टाइल का रंग?' रंग म्हटल्यावर त्यांनी पुडा परत फळीवर ठेवला आणि विचारलं, खिडकीला ग्रिल आहे का. आता हा माणूस हुक विकून मोकळा झाला असता ना. पण ते ग्रिलचं त्यांनी डोक्यात घातलं आणि तिथून आमच्या घराचं चित्रच बदललं.

बघा, आपल्याकडे जवळपास प्रत्येक खिडकीला लोखंडी ग्रिल असतं. ते मालकानी आधीच भिंतीत पक्कं बसवलेलं आहे, किलोकिलोचं वजन घेतं, आणि त्याला आपण फक्त कपडे वाळत घालतो. त्याला एस आकाराचे हुक अडकवायचे, बोहरी आळीत ते डझनावर मिळतात, स्टीलचे घ्या, साधे लोखंडी पावसाळ्यात गंजून ग्रिलच्या रंगावर डाग पाडतात. त्या हुकांवर कुंड्या, किचनच्या खिडकीत कढया, उलथनी, गाळणी. बेडरूमच्या खिडकीत मी वेल्डेड जाळीचा एक तुकडा केबल टायनी ग्रिलला बांधलाय, त्याच्यावर चाव्या, टोप्या, हेडफोन, नवऱ्याचं आयकार्ड जे रोज सकाळी हरवायचं. जाळी पाहिजे त्या मापाची कापून मिळते, कडा मात्र तिथल्या तिथे कानसनी घासून घ्या नाहीतर हात कापतो. सोडून जाताना केबल टाय कात्रीनी कापले की विषय संपला.

दुसरी गोष्ट जुन्या घरात असते आणि कोणी वर बघतच नाही, ती म्हणजे स्लॅबमधली पाळण्याची कडी. आमच्या बेडरूमला आहे. बाळाच्या पाळण्यासाठी टाकलेली कडी असते ती, तिला साखळी लावून दिवा सोडा नाहीतर मोठी कुंडी सोडा. फक्त आधी हात लावून हलते का, गंजली आहे का बघा, आणि खाली डोकं येईल अशी वस्तू लावू नका. साखळी वजनावर मिळते, दोरीपेक्षा साखळी घ्या कारण एकेक कडी सोडून उंची कमीजास्त करता येते. आणि हो, आधीच्या भाडेकरूंचे खिळे असतातच. राहायला आल्या आल्या त्या प्रत्येक खिळ्याचा आणि भोकाचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवायचा, एक तर नंतर तुमच्या नावावर येत नाही आणि दुसरं म्हणजे ते खिळे आता तुमच्या हक्काचे. आमच्या हॉलमधले तिन्ही खिळे वाकड्या जागी आहेत, म्हणून आरसा मधोमध नाहीये. असू दे.

स्प्रिंगचा रॉड, ज्याला काही दुकानात टेन्शन रॉड म्हणतात, तो पण इथेच घेतला. दोन भिंतींच्या मधे दाबून बसतो, ड्रिल लागत नाही. याचा रिव्ह्यू असा की हलक्या कामाला दहापैकी आठ, जड कामाला दोन. समोरासमोर दोन पक्क्या भिंती पाहिजेत. खिडकीचा खोबणा, बाथरूमचा कोपरा, ओट्याखालची जागा, ही त्याची खरी जागा. माप घेताना वर आणि खाली दोन्हीकडे घ्या कारण आपलं प्लास्टर सरळ नसतं, आमच्या एका खोबण्यात वरच्या आणि खालच्या मापात बोटभर फरक आहे. जाड पडदा लावला की मधे वाकतो आणि रात्री कधीतरी धाडकन खाली. कॉटनचा पातळ पडदा आरामात राहतो. रबराची टोकं डिस्टेंपरवर थोडी काळी खूण सोडतात, मधे कागदी पुठ्ठ्याचा गोल तुकडा ठेवला की नाही उठत.

ओट्याखाली ट्रॉल्या नसतील, नुसते कडप्प्याचे कप्पे असतील तर तिथे हा रॉड आणि पडदा म्हणजे किचन एकदम आवरलेलं दिसतं, सगळ्या रिव्ह्यूत मला हेच एक काम सगळ्यात वसूल वाटलं. पण सिलिंडर त्याच कप्प्यात असेल तर पडदा जमिनीपर्यंत ओढू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर गॅस खालीच साठतो, त्यामुळे खाली वीतभर जागा मोकळी आणि शेगडीपासून कापड लांब. मी सिलिंडरचा कप्पा उघडाच ठेवलाय, बाकीच्यांना पडदे.

घडवंची पण इथेच मिळाली, आजीच्या घरात पाण्याचे हंडे ठेवायचे ना ती, आता पावडर कोटिंग केलेली लोखंडी मिळते. मी ती हॉलमधे पुस्तकं आणि कुंडीसाठी वापरते, येणारा प्रत्येक जण विचारतो कुठून घेतली. भिंतीतली मांडणी आपल्याला लावता येत नाही, मग जमिनीवर उभं राहणारं काय मिळतं ते बघायचं, आणि त्यात घडवंचीसारखं स्वस्त आणि पक्कं काही नाही. तळाला रबरी बूट घाला, मोझॅकवर गंजाचा डाग पडला की निघता निघत नाही आणि ते डिपॉझिटमधूनच जाणार.

आता चिकटवायच्या वस्तूंबद्दल, कारण सगळ्यांना तेच पाहिजे असतं. हुक, शेल्फ, वॉलपेपर, फोम टेप, सगळं. लोक म्हणतात हुकची क्वालिटी खराब, मला वाटतं निम्म्या वेळा दोष भिंतीचा असतो. भाड्याच्या घराला मालक काय लावतो, स्वस्तातलं डिस्टेंपर. त्यावरून तळहात फिरवा, हाताला पांढरी पावडर लागली तर त्या भिंतीला जगातला कुठलाही हुक चिकटणार नाही. म्हणजे हुक रंगाला घट्ट चिकटतो, पण रंगच भिंतीला धरून नसतो, मग वजन पडलं की हुक रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो आणि तुमच्याकडे पाच रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी जखम राहते. आमच्याकडे एका ऑनलाइन मागवलेल्या पुड्यातल्या हुकांनी हेच केलं, पाकिटावर मोठ्या अक्षरात पाच किलो लिहिलं होतं, त्यावर कापडी पिशवी राहिली नाही. नाव लिहीत नाही, कारण तसलेच पुडे वीस नावांनी विकले जातात.

टेस्ट सोपी आहे. कपाटामागे जिथे दिसणार नाही तिथे चिकटपट्टीचा तुकडा दाबून लावायचा, एक रात्र ठेवायचा, सकाळी हळू ओढायचा. रंग आला तर विचार सोडून द्या. प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट असेल, बोट फिरवलं की गुळगुळीत लागत असेल, तर चांगल्या कंपनीची, खाली ओढायची शेपटी असलेली पट्टी चालते. पण पाकिटावर लिहिलेलं असतं ते करा, जागा स्पिरिटनी पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि लगेच वजन टाकू नका, तासभर थांबा. काढताना शेपटी भिंतीला समांतर सरळ खाली ओढायची, आपल्याकडे नाही. आपल्याकडे ओढली की रंग आलाच म्हणून समजा.

टाइलवर मात्र हेच हुक मस्त चालतात, फक्त पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांना टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असतं, टाइलवर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो आणि हुक त्या थराला चिकटतो. आधी तो थर काढा. किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून लावा, दहा मिनिटांनी घासा, साफ निघतो. पण कडप्प्याच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर, संगमरवरावर हे पाणी चुकूनसुद्धा सांडू देऊ नका. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत, आम्ल लागलं की पॉलिश जातं आणि फिकट डाग कायमचा. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या ओट्यावर लिंबू कापून ठेवल्याचे गोल गोल डाग आहेत, ते बघितल्यापासून मी ओट्यावर लिंबू सुद्धा पाटावर ठेवून कापते.

चिकटवायचा वॉलपेपर, त्याला मी सरळ नाही म्हणेन. दुकानात रोल उलगडून दाखवतात, पांढऱ्या विटांचा नाहीतर पानाफुलांचा, दिसतो छान. उन्हाळ्यात लावलात तर जूनपर्यंत छानच राहतो. पश्चिमेची बाहेरची भिंत असेल, पावसाळ्यात ओल धरत असेल, तर कागदाच्या मागे ती ओल कोंडते, आधी कोपरे सुटतात, मग आतून काळी बुरशी, आणि वास. काढताना डिस्टेंपर सोलून येतं ते वेगळंच. कपाटाच्या दारावर, फ्रिजच्या बाजूला, जुन्या सनमायकाच्या टेबलवर लावायला तोच रोल वापरा, तिथे खरंच चांगला आहे. काढताना हेअर ड्रायरची गरम हवा दिली की गोंद मऊ होऊन सुटतो.

तुळशीबाग. जागेबद्दल काय सांगायचं, पेशवाईत नारो आप्पाजी खिऱ्यांनी राममंदिर बांधलं, त्याच्याभोवती बाजार वाढत गेला, आणि आज देवळाचा कळस दिसतो पण दार शोधावं लागतं एवढी गर्दी. भातुकली, पितळेची भांडी, पूजेचं सामान यासाठी प्रसिद्ध, घरसजावटीसाठी मी म्हणेन पडदे, कुशन कव्हर, टेबलक्लॉथ, टोपल्या एवढ्यासाठी जा. रेडिमेड पडदे खिडकीसाठी पाच फुटी, दारासाठी सात फुटी आणि लांब नऊ फुटी अशा मापात येतात. इथे माझं एक ठाम मत आहे, भाड्याच्या घरात खिडकीला पण सात फुटीच घ्या. एक तर पडदा खालपर्यंत आला की खिडकी मोठी आणि छत उंच वाटतं, आणि दुसरं म्हणजे पुढच्या घरात खिडकी कुठल्या उंचीवर असेल काय माहीत, लांब पडदा दुमडून शिवता येतो, आखूड ताणता येत नाही. रुंदीत कंजूषी नको, खिडकीच्या दीड ते दुप्पट कापड असलं तरच चुण्या पडतात, नाहीतर वाळत घातलेली चादर वाटते.

रिंगवाले, म्हणजे आयलेटचे पडदे घ्यायच्या आधी घरातला रॉड बघून जा. जुन्या घरात बऱ्याचदा अर्ध्या इंचाचा पाइप असतो नाहीतर सरळ स्प्रिंगची वायर असते, वायरवर आयलेटचा पडदा लोंबतो, त्याला वरून शिवलेला बोगदा पाहिजे. शिलाई करून देणारे आसपास आहेत पण घाईत काम देतात, उंची लिहून द्या, तोंडी सांगू नका. आणि गडद रंग पावसाळ्यात खिडकीजवळ ओलसर झाले की कधीकधी मागच्या भिंतीला रंग देतात, पहिली धुलाई वेगळी करून मगच लावा. भाव सांगून उपयोग नाही, सीझनप्रमाणे आणि तुमच्या तोंडाकडे बघून बदलतो, घासाघीस चालते, पण पाटीवर एकच भाव लिहिलेल्या दुकानात उगाच वेळ घालवू नका, ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. सेवा म्हणाल तर पुणेरीच. मी एकीकडे विचारलं हा रंग आत जरा लाइट मिळेल का, तर उत्तर, 'बाहेर लावलंय तेच आत आहे.' बरं बाबा.

पडद्यांइतकाच फरक कशानी पडत असेल तर दिव्यानी, आणि त्याला खर्च सगळ्यात कमी. मालकाची ट्यूब काढायची गरज नाही, फक्त संध्याकाळी ती लावायची नाही. बल्बच्या खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं, ६५०० म्हणजे पांढराफटक दवाखान्यातला उजेड, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ऊबदार. आपल्याकडे सवयीनी सगळे ६५०० च घेतात कारण दुकानदार 'जास्त उजेड' म्हणून तोच देतो. किचनला आणि अभ्यासाच्या टेबलाला तो ठीक, हॉल आणि बेडरूमला पिवळा घ्या, नऊ वॅटचा एलईडी पुष्कळ झाला. जमिनीवर किंवा स्टुलावर ठेवायचा दिवा असेल तर उजेड भिंतीवर टाका, पिवळट रंग पिवळ्या उजेडात चक्क चांगला दिसतो, आणि ओलीचे डाग अंधारात जातात. बोहरी आळीतून होल्डर, वायर, स्विचसकट तयार जोडून घेतला होता, शेड म्हणून बुरूड आळीतली वेताची टोपली उलटी. फक्त एलईडीच लावा, जुना साठ वॅटचा गोळा टोपलीत लावला तर टोपली तापते, आणि काय होईल ते सांगायला नको. एका सॉकेटला एक्स्टेन्शन लावून त्यावर दिवे, चार्जर, पंखा एवढं ठीक, पण इस्त्री, गीझर, हीटर त्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर नको.

बुरूड आळीचं नाव निघालंच आहे तर, टोपल्या आणि सुपांच्या पलीकडे तिथे बांबूचे चीक, म्हणजे गुंडाळता येणारे पडदे मिळतात, खिडकीला बाहेरून किंवा बाल्कनीत लावायचे. दुपारच्या उन्हाला याच्याइतका चांगला उपाय मी बघितला नाही, पडद्यानी ऊन आत येऊन मग अडतं, चिकानी बाहेरच अडतं. भाव स्क्वेअर फुटावर, त्यामुळे माप घेऊनच जा. लावायला परत ग्रिल आणि केबल टाय. पावसाळ्यात गुंडाळून आत ठेवावे लागतात नाहीतर काळे पडतात, हा एक त्रास. पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क पावसाळ्याचा कापला.

मी सोलापूरची असल्यामुळे पुढचं जरा पक्षपाती वाचा. सोलापुरी चादर. जी आय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, जकार्ड मागावरची, दोन्ही बाजूंनी डिझाइन दिसतं ती. लोक ती पांघरायला घेतात, पण भाड्याच्या घराला तिच्यासारखी कामाची वस्तू नाही. मालकानी दिलेला फाटका सोफा झाकायला, हॉलमधे दोरीवर टाकून पाहुण्यांची झोपायची जागा वेगळी करायला, दिवाणावर, आणि आमच्याकडे तर सगळ्यात मोठ्या ओलीच्या डागासमोर कपड्याच्या स्टँडवर टाकलेली आहे, लोकांना वाटतं मुद्दाम लावलंय. भिंतीला चिकटून नको, मधे वीतभर हवा खेळायला जागा ठेवा. पुण्यात सोलापुरी म्हणून पानिपतची पण विकतात, तीही वाईट नसते पण सोलापुरीच्या भावात कशाला घ्यायची, हातात घेऊन वजन बघा आणि लेबल वाचा. मी तर गावी गेले की घेऊन येते.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेच्या बाजूला. आरसे, लाकडी स्टूल, जुन्या पेट्या, पितळी कड्या, तुटक्या खुर्च्या, नळाचे तुकडे, कुणाचे तरी ट्रॉफी कप, सगळं जमिनीवर पसरलेलं. लवकर जा. इथे एकच नियम, वस्तू उलटी करून बघायची. लाकडाला बारीक गोल भोकं असतील आणि आपटल्यावर पिठासारखा भुगा पडत असेल तर आत किडा जिवंत आहे, फुकट दिली तरी घरी आणू नका, मालकाच्या दाराच्या चौकटी धरल्या तर डिपॉझिट विसरा. आरसा घेताना मागचा पारा कडेनी काळा पडलाय का बघा, थोडा पडलेला मला आवडतो, त्यात माणूस जरा बरा दिसतो. भाव? सांगितलेल्याच्या निम्म्यापासून सुरू करा आणि चालायला लागा, हाक येते. नाही आली तर नाही आली, पुढे तेच सामान दुसऱ्याकडे असतंच. एक लाकडी पेटी मी आणली ती आता कॉफी टेबल आहे, आत हिवाळ्याच्या गोधड्या.

फ्लोअरिंगचं थोडक्यात. पीव्हीसीची चटई रोलवर मिळते, फुटानी कापून देतात, लाकडी डिझाइन लांबून खरंच लाकूड वाटतं. चिकटवायची नाही, नुसती पसरायची, कडांना वजन. पहिले काही दिवस वास येतो, गॅलरीत पसरून ठेवा. पुसताना पाणी खाली गेलं की तिथेच राहतं, म्हणून महिन्यातून एकदा उचलून खालचं वाळवा. बाथरूमच्या बाहेर घालू नका, बाकी ठीक.

झाडांसाठी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मातीच्या कुंड्या घेतल्या, नर्सरीतल्यापेक्षा स्वस्त पडल्या. एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा रोपांचे स्टॉल लागतात, ते बघण्यासारखं. मनी प्लांट बाटलीत ठेवत असाल तर आठवड्याला पाणी बदला, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. तांबट आळीत पण गेलो, ठोक्याचं तांब्याचं काम अप्रतिम, पण आमच्या बजेटमधे फक्त एक तांब्या बसला, त्यामुळे त्याचा रिव्ह्यू द्यायचा मला अधिकार नाही.

कोणी विचारेल एवढं फिरण्यापेक्षा आयकिया नाही का. आहे की, नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० पासून आहे. वस्तू चांगल्या असतात, पण मोठ्या फर्निचरच्या सूचना नीट वाचा, उंच कपाटं आणि ड्रॉवरची खणं भिंतीला स्क्रूनी बांधायला सांगतात, पडू नयेत म्हणून, आणि घरात लहान मूल असेल तर ते बांधायलाच पाहिजे. म्हणजे परत ड्रिल. आम्ही उंच वस्तू घेतल्याच नाहीत, सगळं कमरेच्या खाली. फर्निचर भाड्यानी पण मिळतं, वर्षभरासाठी पुण्यात आलेल्यांना परवडत असेल, दोन वर्षं राहायचं असेल तर हिशोब मांडून बघा, जुन्या बाजारातली पेटी आणि लोखंडी घडवंची त्यापेक्षा स्वस्त पडते.

आणि जर एखादं भोक पाडायचंच असेल, म्हणजे पाडल्याशिवाय भागतच नसेल, तर मालकाला आधी मेसेजवर विचारा, तोंडी नको, आणि सांगा की जाताना बुजवून देऊ. काकूंनी आम्हाला बाथरूमच्या आरशासाठी एक परवानगी दिली ती अशीच. टाइलवर न मारता दोन टाइलच्या सांध्यात मारलं, नंतर व्हाइट सिमेंट भरलं की कळत नाही.

जायची वेळ म्हणाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकानं उघडता उघडता. दुपारी एक ते चार काही दुकानं बंद असतात, हे पुणं आहे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा तर लक्ष्मी रोडच्या आसपास फिरकूच नका, सजावटीचं सामान भरपूर असतं पण पडद्याचं माप सांगायला दुकानदाराचा कान मिळत नाही. मोजायची टेप स्वतःची न्या, दुकानातल्या टेपचं पहिलं एक इंच तुटलेलं असतं.